कॅमेऱ्यासाठी पेटवलेली चूल

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा एसटीच्या खाली होते. म्हणजे अक्षरशः खाली. ते डेपोत मेकॅनिक होते, आणि मुलगी ज्या गाडीने मुंबईला जाणार ती गाडी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडायला ते तयार नव्हते. मी खिडकीशी बसलेले, बॅग मांडीवर, आणि पायाखालून पान्याचे आवाज येत होते. प्रवासी वैतागले होते. कंडक्टर घड्याळ बघत होता, पण माणूस डेपोतलाच म्हणून बोलत नव्हता. मग बाबा बाहेर आले, चिंधीला हात पुसले आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "गाडी चांगली आहे. पुढचं तू बघ." हात हलवायचं त्यांना सुचलं नाही आणि मलाही नाही. गाडी वळली तेव्हा ते पुन्हा दुसऱ्या गाडीकडे निघालेले दिसले.

आई स्टँडवर आली नव्हती. रडू येऊ नये म्हणून ती घरी ओट्यापाशी अंबाडीची भाजी निवडत उभी राहिली होती, असं मिलिंदने, माझ्या धाकट्या भावाने, नंतर फोनवर सांगितलं. हा ओटा ही आमच्या घरातली मोठी गोष्ट. बाबांची नोकरी कायम झाली तेव्हा त्यांनी टीव्ही आणला नाही की मोटारसायकल घेतली नाही. त्यांनी आधी चूल फोडली. मातीची भिंत पाडून सिमेंटची उभी केली, काळ्या कडप्प्याचा ओटा घातला आणि त्यावर गॅस ठेवला. आमच्या बौद्धवाड्यातला तो पहिला ओटा. बायका बघायला आल्या होत्या. एकीने कडप्प्याला गाल लावून तो किती गार आहे ते पाहिलं. बाबांच्या आईचे डोळे धुरानेच गेले होते, त्यामुळे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझ्या घरातली बाई उभ्यानं रांधेल." ओट्याच्या वर भिंतीला दोन फोटो होते, एक बुद्धाचा आणि एक निळ्या कोटातला. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत हे दोन फोटो नसलेलं घर शोधून सापडणार नाही.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे पिशवी घेऊन निघालात, त्या दोघांनाही मी हे लिहिते आहे. कारण मधल्या काळात एक गंमत झाली आहे आणि तिच्यावर मला एकटीला हसता येत नाही.

सुरुवातीला मी विक्रोळीत दोन मुलींबरोबर एका चाळीतल्या खोलीत राहिले. आता घाटकोपरच्या बाजूला असल्फाला भाड्याच्या घरात राहते आणि मेट्रोने अंधेरीला कामाला जाते. काम काय, तर एका वेबसाइटसाठी मी ट्रेंडवर लिहिते. सध्या लोक काय घालतात, काय खातात, काय बघतात, आणि या आठवड्यात कशाचा कंटाळा आला आहे. मराठीत लिहायचं, पण मराठी वाटता कामा नये असं. 'क्युरेटेड', 'स्लो लिव्हिंग', 'अर्दी टोन' हे शब्द मी आता भाजीत मीठ टाकावं तसे न बघता टाकते. आईला पहिल्यांदा कामाबद्दल सांगितलं तेव्हा तिने ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे लोकं काय करायलेत ते लोकान्लाच सांगायचं?" यापेक्षा नेमकं वर्णन मला आजवर कुणी केलेलं माहीत नाही.

आणि ती गंमत म्हणजे ही, की जे जे आम्ही टाकून आलो ते ते आमच्या आधी इथे येऊन बसलं आहे. ज्वारीचं मिलेट झालं. आमच्याकडे ज्वारी सोडून गहू खायला लागणं म्हणजे घर वर आलं असं मानत. इथे गहू सोडून ज्वारीवर येणं म्हणजे माणूस वर आला. गोधडी अंगावरून निघून भिंतीवर गेली. फाटक्या लुगड्याचे तुकडे ज्यांनी हौसेने कधीच जोडले नव्हते, थंडी वाजायची म्हणून जोडले होते, त्यांच्या नातींना आता ती 'वॉल आर्ट' म्हणून विकत मिळते. अंधेरीत आमच्या ऑफिसच्या खालीच एक कॅफे आहे. त्याच्या भिंती मुद्दाम शेणामातीने सारवल्यासारख्या केल्या आहेत, वर कंदील आहे, आणि आत एसी इतका की मी शाल नेते. तिथे हिरवी जपानी पावडर घातलेलं दूध पितात. चव मला विचाराल तर वाटलेल्या पालकाच्या पाण्यासारखी, पण हे मी लिहिलं नाही. मी लिहिलं, 'मातीशी नातं सांगणारी जागा'. आपलीच नाती आपल्याला अशी परत सांगतात.

कपड्यांचंही तेच. मी आले तेव्हा माझ्याकडे मॅचिंग ओढणीचे ड्रेस होते आणि त्यावरून मी गावाकडची आहे हे लांबून कळायचं. आता ऑफिसातल्या मुली हातमागाच्या साडीखाली बूट घालतात आणि गळ्यात काळपट चांदीचं काहीतरी वजनदार अडकवतात, जे आमच्याकडे लमाण तांड्यावरच्या बायका घालायच्या आणि शाळेत त्यावरून त्यांच्या मुलींना चिडवलं जायचं. मला या मुलींचा राग येत नाही. छान दिसतात. फक्त मला एक कळतं की साधं राहायची हौस त्यालाच परवडते, ज्याला कुणी कधी साधं राहा म्हणून बजावलेलं नसतं. आमच्या वस्तीत सणाला, विहारातल्या वंदनेला पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची साडी नेसतात. पिढ्यान्‌पिढ्या मळकं राहायला लावलेल्या लोकांची ती फॅशन आहे. ती कधी ट्रेंडमध्ये येणार नाही, कारण तिच्यात बिघडवलेलं, उसवलेलं असं काहीच नाही.

असं सगळं मला दिसतं, आणि दिसून काही होत नाही. दाताचा डॉक्टर इंजेक्शन देतो तेव्हा ओठ जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तशी मी गेली काही वर्षं आहे. बाबा गेले तेव्हा मी गावी गेले, सगळं केलं, परत आले, आणि सोमवारी उन्हाळ्यातल्या सरबतांवर लिहिलं. लेख चांगला चालला.

मग एक दिवस ऑफिसात मीटिंग होती. विषय होता 'गावाकडच्या आया'. तुम्ही पाहिल्या असतील. फोन उघडला की कुणाची तरी आई चुलीपुढे बसून काहीतरी करत असते, मागे पियानो वाजत असतो आणि खाली हजारो लोक आपापली आई आठवून रडत असतात. यावर मोठा लेख करायचा होता. ऋता म्हणून माझी सहकारी आहे, मुलुंडची, तिथेच जन्मलेली, सव्वीस वर्षांची, मनाने चांगली मुलगी. तिने भिंतीवरच्या स्क्रीनवर एक व्हिडिओ लावला. "ही बघ यार, ही माझी फेव्हरिट आहे. काय व्हाइब आहे ना!" मातीची भिंत, कोनाड्यात पणती, धूर, आणि धुराआड हिरवं नऊवारी लुगडं नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली एक बाई अंबाडीची भाजी घोटत होती. घोटताना ती डावा खांदा किंचित वर उचलत होती. खांद्यावरून मी ओळखलं.

मी म्हटलं, "ही माझी आई आहे."

ऋता हसली. "हो ना गं! अगदी सगळ्यांचीच आई वाटते." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, हेच शीर्षक करू. मी पुन्हा सांगितलं नाही. मला तेव्हा काय वाटलं असं विचाराल तर काही वाटलं नाही. मी खालच्या कमेंट वाचत होते. लोक तिला पाटलीणबाई म्हणत होते. कुणी विचारत होतं, आई कुठल्या वाड्यातल्या? कुणी लिहिलं होतं, हेच खरे संस्कार, अशी घरं आता राहिली नाहीत. आमच्या घरात आजीच्या काळापासून कुणी कुंकू लावलेलं नाही, आणि ज्या वाड्यांबद्दल ते विचारत होते त्यांच्या अंगणापर्यंतच आमची माणसं जात असत.

त्या शनिवारी मी गावी गेले. घर बाहेरून तेच होतं, सिमेंटचं, पिवळा ऑइलपेंट. मागच्या पडवीची बाबांनी प्लास्टर केलेली भिंत मात्र मिलिंदने मातीने लिंपली होती. कोपऱ्यात चूल, तिच्यापुढे पाट, समोर ट्रायपॉडवर मोबाइल आणि गोल दिवा. त्याची बायको स्नेहल हे सगळं मला मोकळेपणाने दाखवत होती. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. स्वयंपाक आत ओट्यावर गॅसवरच व्हायचा. चुलीत ओली काटकी घालून धूर करायचा आणि शिजलेलं भांडं वर आणून ठेवायचं. आई येऊन खाली बसायची, चमचा फिरवायची. डॉक्टरने तिला मांडी घालू नका म्हणून दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं. तिला उठवायला दोघं लागत. व्हिडिओ संपला की ती कपाळ पदराने पुसून टाकायची, त्यामुळे नव्या हिरव्या लुगड्याचा पदर लालसर झाला होता.

मी मिलिंदशी भांडायला म्हणून गेले होते. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद पडलं हे मला माहीत होतं. ही नवी कमाई त्यातून उभी राहिली हेही कळत होतं. मी कुंकवाचं विचारलं, तर तो म्हणाला की सुरुवातीला तसंच केलं होतं, पण लोक विचारत राहिले, म्हातारी अशुभ दिसते असं कुणी लिहिलं, मग स्नेहलने कुंकवाची डबी आणली. आम्ही कुठे खोटं बोललो, म्हणाला. पाटलीणबाई आम्ही म्हटलं का? लोकच म्हणतात. मी म्हटलं, बाबा असते तर? त्याने ट्रायपॉडवरचा मोबाइल काढून खिशात घातला. मग म्हणाला, "ताई, तू तिकडं दुसऱ्यांच्या आयांवर लिहितीस. मी आपल्या आईवर करतो. तुझं काम अन्‌ माझं काम निराळं हाये का, सांग."

निराळं नव्हतंच. मी आईला एवढंच म्हटलं की गुडघे दाखवायला मुंबईला चल आणि मग तिथेच राहा. ती लगेच हो म्हणाली. मला वाटलं, सुटली. मिलिंदने महिनाभर पुरतील एवढे व्हिडिओ आधीच करून घेतले.

आई असल्फाला आली आणि पहिल्यांदा ओट्याजवळ गेली. ग्रॅनाइटवर हात फिरवून म्हणाली, उंची बरोबर आहे. मग खिडकीतून समोरचा डोंगर बघत राहिली. डोंगरावरची घरं रंगवलेली आहेत, निळी, गुलाबी, पिवळी, आणि सुट्टीच्या दिवशी लोक तिथे फोटो काढायला येतात. आईने विचारलं, हे लोक कुणाकडे आलेत? मी म्हटलं, कुणाकडेच नाही, घरं बघायला आलेत. ती म्हणाली, "घरात माणसं हायेत ना? मंग त्यान्ला भेटत नाहीत?" मी म्हटलं, भेटत नाहीत, मागे भिंत चांगली दिसते म्हणून उभे राहतात. तिला ते पटकन कळलं. तिच्या गुडघ्यांना ते आधीच कळलेलं होतं.

मी तिची बडदास्त ठेवली असं म्हणवत नाही. मी सकाळी जायचे आणि उशिरा यायचे. ती दिवसभर एकटी असायची. एकदा फोनवरून मागवलेलं जेवण आलं तर तिने ते आणणाऱ्याला पाणी दिलं, बसायला लावलं आणि गाव विचारलं, आणि त्याची पुढची फेरी चुकली म्हणून तो बिचारा हळहळत निघून गेला. रविवारी मी तिला जुहूला नेलं. समुद्र तिने थोडा पाहिला, भेळवाल्याचा हात जास्त पाहिला. तिथे एक मुलगी रिंग लाइट लावून पाणीपुरी खात होती. पुरी तोंडात घालायची, डोळे मिटायचे, मग पुरी तोंडातून काढून पुन्हा तेच. आईने मला कोपराने ढोसलं, "हिलाबी दोनदा करायला लावतेत का गं?" आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी हसलो. तेवढ्यापुरतं मला वाटलं की ही इथे राहील आणि मी हळूहळू पूर्वीसारखी होईन.

तीच आशा होती माझी, दुसरं काही नव्हतं. आई राहिली तर घर माझ्याकडे येणार होतं. गावचं घर आता लोकांचं झालं होतं, रोज हजारोंनी आत येऊन बघून जात होते. निदान आई तरी त्या चौकटीतून काढून आणावी, एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

मग तो बुधवार आला. मी ऑफिसातून आले तेव्हा आई दिवा न लावता बसली होती. तब्येत बरी नाही का विचारलं तर नाही म्हणाली. चहाही घेतला नव्हता. बराच वेळ मी कपडे बदलत, भांडी लावत आजूबाजूला फिरत राहिले, तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. दुपारी ती खाली भाजीला गेली होती. तिथे एका बाईने तिला ओळखलं, चांगल्या घरची दिसत होती, हातात पर्स, बरोबर सून. "अहो, तुम्ही त्या चुलीवाल्या आई ना?" असं म्हणत ती भर रस्त्यात वाकली आणि तिने आईचे पाय धरले.

"माझे पाय, प्रज्ञे," आई म्हणाली. "तशा बाईनं. मला थोडं बरंबी वाटलं, खोटं कशाला बोलू. तुझ्या आजीला पाणी वरून वाढायच्या त्या बाया. म्हटलं धर, आता चांगले धर." तिने पाय आत ओढून घेतले. "मंग तिनं आडनाव विचारलं. सहज विचारलं, प्रेमानं. अन्‌ मी ऐकू न आल्यावानी केलं. कानाला हात लावून हासले, अन्‌ निघून आले. तुझ्या बापाचं नाव मी गिळलं."

मुंबईत हा प्रश्न तुम्हालाही विचारला गेला असेल. इथे जात कुणी विचारत नाही, इथली माणसं मोकळी आहेत. फक्त नाव सांगितलं की पुढे काय, असं विचारतात, आणि मूळ गाव कुठलं, आणि तिथे कुठल्या बाजूला. मी इतक्या वर्षांत त्यावर सराईत झाले आहे. नुसतं प्रज्ञा सांगते आणि विषय बदलते. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, म्हणून मी आईलाही तेच सांगितलं. म्हटलं, जाऊ दे, एवढं काय, इथे सगळेच टाळतात. आई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मला कुठे दुखतं आहे का हे चाचपून बघावं तशी बघत राहिली. मग म्हणाली, "मला गावाला जायचंय. मिल्याला फोन लाव."

मी तिला खूप समजावलं. गुडघ्यांचं सांगितलं, इथल्या डॉक्टरचं सांगितलं, मी लवकर येत जाईन असंही म्हटलं. ती हो-हो म्हणत पिशवी भरत होती. शेवटी मला राग आला आणि मी बोलून गेले की तुला त्या लोकांची सवय लागली आहे, इथे कुणी बघत नाही म्हणून तुला करमत नाही. तिने ते ऐकून घेतलं आणि माझी ओढणी दोरीवर सरळ केली. एवढंच. शुक्रवारी मी तिला ठाण्याहून गाडीत बसवलं. गाडीखाली बघणारं आता कुणी नव्हतं. घरी आले, ओटा पुसला, आणि मला वाईट वाटेल म्हणून वाट बघत बसले. वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात आमच्या 'आया' लेखाची गडबड सुरू झाली. ऋता म्हणाली की तिच्या आवडत्या आई आज पाच वाजता लाईव्ह येणार आहेत, पहिल्यांदाच, आपण सगळे मिळून बघू, त्यातून दोन-चार ओळी मिळतील. काचेच्या खोलीत आम्ही सहा-सात जण जमलो. कुणीतरी समोसे मागवले होते. मी दाराजवळची खुर्ची घेतली म्हणजे लवकर उठता येईल.

लाईव्ह सुरू झालं तेव्हा मला आधी चॅनेल चुकलं असं वाटलं. आई पाटावर नव्हती, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. अंगावर पांढरी साडी, कडक इस्त्रीची. चूल तशीच होती पण पेटवलेली नव्हती. कपाळ मोकळं होतं. मागे कॅमेऱ्याच्या अंगाने मिलिंदचा दबका आवाज येत होता, काहीतरी विनवल्यासारखा, आणि आई त्याच्याकडे बघत नव्हती. ऋता म्हणाली, "आज लूक वेगळा केलाय. पांढरं सूट होतं ना त्यांना?"

स्नेहल कमेंट वाचून दाखवत होती. आई नमस्कार, आई कशा आहात, आई आज काय बेत. आई एकेकाला उत्तर देत होती, माझी तब्येत बरी आहे, लेकीकडे मुंबईला गेले होते, आता आले. मग स्नेहल एक वाचताना अडखळली. वाचू की नको असा तिचा आवाज झाला. आई म्हणाली, वाच. स्नेहलने वाचलं. कुणीतरी विचारलं होतं, आई, आज कपाळाला कुंकू का नाही?

आईने पदर सारखा केला आणि सरळ समोर बघितलं.

"आमच्यात नाही लावत," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही, समजावून सांगितलं नाही. कुणी भात वाढायला आलं तर पुरे म्हणावं तसं म्हणाली. मग म्हणाली की एवढे दिवस लावलं ते तुम्हाला आवडतं म्हणून पोरांनी लावलं, पोरांचा त्यात दोष नाही, पण आता लावणार नाही. घाटकोपरला एक बाई भेटली होती, तिने नाव विचारलं होतं, तेव्हा सांगायचं राहिलं, ती बघत असेल तर सांगते. आणि तिने नाव सांगितलं. स्वतःचं, मग बाबांचं, मग आडनाव. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आणि मग पुन्हा एकदा.

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा उतरायला लागला. खाली कमेंटची रांग इतक्या जोरात सरकत होती की वाचता येत नव्हतं. काही चांगलं होतं, काही नव्हतं. एकाने लिहिलं होतं, आम्ही फसलो. एकाने नुसतंच जय भीम लिहिलं होतं, मग आणखी एकाने. आई यातलं काहीच वाचत नव्हती, तिला चष्मा नव्हता. ती म्हणत होती की आज अंबाडीची भाजी केली आहे, ती आत गॅसवरच होते, तिथेच दाखवते, या. आणि स्टुलाच्या कडेला हात टेकून ती उठली. कुणी आधार दिला नाही. मिलिंद कॅमेरा घेऊन तिच्या मागे आत गेला. चित्र हलत होतं.

आधीच्या आठवड्यात मी तिला काय बोलले होते ते आठवलं, आणि ती सगळं पोटात घेऊन या एका वाक्यासाठी इतक्या लांब गेली हे आता कळलं. दुखलं, चांगलंच दुखलं. बाबा गेले तेव्हाचं, खोल्या बदलल्या तेव्हाचं, नुसतं प्रज्ञा सांगून निघून आले त्या सगळ्या वेळांचं. समोशांचा वास येत होता.

गेली कित्येक वर्षं घर कुठे असं विचारलं की मी असल्फा म्हणते. फारच खोदून विचारलं तर परभणीकडे. दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि त्यांत घर नाही, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. घर म्हणजे भिंती, तर त्या लिंपल्या जातात. घर म्हणजे आई, असं मी समजत होते, तर ती माझ्या ओट्यापाशी उभी असतानाही ते आलं नव्हतं.

ऋता स्क्रीनकडे बघत होती. तिच्या कपाळाला आठी होती, आणि ती खरोखरच समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. ती माझ्याकडे वळली आणि तिने हळूच विचारलं, "आमच्यात म्हणजे कुणाच्यात गं?"

"म्हणजे माझ्या घरात," मी म्हटलं.